मुरायला घातलेला नवरा

स्पेनमधल्या रिओहात माणसांनाही वाइनसारखं ओकच्या पिंपात मुरायला घालतात, हे शालनला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. पण ती वेंगुर्ल्याच्या लोणचंवाल्यांची लेक. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. कच्चं खाऊन दात आंबवून घेण्यापेक्षा मुरलेलं बरं, एवढंच ती म्हणाली.

नवरा इग्नासिओ तळघरातल्या पिंपात उतरला तेव्हा त्याच्या मानेवर हिरवी चिठ्ठी होती, म्हणजे कोवळा. बाहेर आला तो लाल चिठ्ठी घेऊन, क्रियान्सा होऊन. क्रियान्सा म्हणजे नीट संगोपन झालेला, असं सासूबाईंनी समजावलं, आणि खरंच, आता तो भांडणात शालनचं वाक्य पुरं होऊ देई. पुढच्या खेपेला रेसेर्वा झाला. बोलणं मोजकं, चिठ्ठी गडद तांबडी, हसणं मात्र तेच गडगडाटी. शालन अगदी खूश होती. आता पुरे, ती म्हणाली.

सासूबाईंना मात्र निळी चिठ्ठी हवी होती, ग्रान रेसेर्वाची, सगळ्यांत जास्त मुरलेल्याची. सासरे तसेच होते. सणाला त्यांना वर आणत, सगळे वास घेत, माना डोलवत. ते शेवटचं कधी बोलले, कुणालाच आठवत नव्हतं. मुका नवरा शालनला नको होता.

इग्नासिओ पुन्हा तळघरात गेला आणि तळघर वर चढू लागलं. जिना ओकचा झाला. स्वयंपाकघराच्या भिंती बाकदार झाल्या, त्यांना लोखंडी पट्ट्या बसल्या, आणि त्या रोज थोड्या आवळत गेल्या. सासूबाई भिंतीला टेकून निवांत विणत बसल्या.

शेवटी शालनने माहेरी करतात तेच केलं. हात कोरडे पुसले, झाकण काढलं, लाकडी डावाने नवऱ्याला तळापासून वरखाली केलं आणि गार झालेली हिंगाची फोडणी ओतली.

“वाइन ढवळत नाहीत गं,” सासूबाई हताश होऊन म्हणाल्या.

इग्नासिओ गडगडून हसत बाहेर आला. शालनला इतकं बरं वाटलं की तिने त्याला तसंच तेलकट कवटाळलं. तळघराच्या मुकादमाने चारही चिठ्ठ्या लावून पाहिल्या, पण तेलावर एकही चिकटेना. मग त्याची नजर शालनच्या मानेवर गेली. तिथे कधी काही लागलंच नव्हतं.

पिंप अजून उबदार होतं. शालन खुशीतच आत उतरली.

“अधूनमधून ढवळ मला,” ती नवऱ्याला म्हणाली. “ओला हात लावू नकोस, नासेन.”

तो हो म्हणाला आणि हात पुसू लागला. शालन आतून बघत राहिली. तो पुसत होता, आणि त्याच्या तळव्यांतून तांबडी वाइन झरतच होती.