सव्वा मूठ गहू

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर जळगावच्या पिंप्राळ्यात चला. कॉलनीतलं एक साधं घर बघा. दारात चपलांचा ढीग, शेजारी एक चाकांची खुर्ची, आणि आतून येणारा भांडणाचा आवाज. आई-वडील नसलेली पाच मुलं तिथे राहतात. कुणाला दिसत नाही, कुणाला चालता येत नाही. त्यांना न्हाऊ-माखू घालणारी, रागावणारी, थोपटून झोपवणारी शेवंतामावशी. तिचंही तेच घर.

त्यांतली मोनाली तुमच्याच वयाची. उजवा हात वाकडा, बोलणं सावकाश. पण शेजारच्या मंदाआजींकडे तिचा सदा मुक्काम.

श्रावण लागला होता. आजींकडे कानबाई देवी बसायची होती. खान्देशात कानबाईच्या रोटासाठी घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. ते दळून प्रसादाचा रोट करतात आणि तो घरच्यांनीच खायचा असतो. बाहेर कणभरही द्यायचा नाही, अशी रीत.

मोनाली सकाळपासून आजींबरोबर गहू निवडत होती. शेवंतामावशी तिला जेवायला न्यायला आली, तर ही जागची हलेना. आजी मुठी भरू लागल्या होत्या.

"ही आबांची. ही भूपेंद्रची. ही डिंपलची..."

प्रत्येक नावाला मोनाली मान वर करी आणि पुन्हा खाली घाली.

आजींचा नातू भूपेंद्र हसला. "वाट कसली बघतेस गं? तुझं नाव नाही येणार. तू कुठं आमच्या घरची?"

मोनाली गव्हातला खडा बोटांत फिरवत राहिली.

"चल माय, भात निवतोय," मावशी दारातूनच म्हणाली.

आजींची मूठ सुपावर थांबली. त्यांनी थोरल्या दिरांकडे पाहिलं. झिपरूआबा रीतीचे पक्के. पंगतीत मीठ चुकीच्या बाजूला वाढलं तर भरल्या ताटावरून उठायचे.

"आबा, पोरीच्या नावानं काढू?"

"रोट बाहेर जात नाही, मंदा."

मोनालीनं खडा खाली टाकला. आबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"भूपेंद्र, माझ्या ताटातला पापड रोज कोण पळवतं रे?"

"हीच!"

"विचारून?"

"कुठलं विचारते!"

"मग बाहेरची कशी होईल? बाहेरचा माणूस विचारून घेतो. काढ, मंदा. नाहीतर असं कर, तिलाच काढू दे. आणि उजव्या हातानं, बरं का!"

मोनालीनं वाकडा हात गव्हात घातला. मूठ काही नीट वळेना, दाणे गळू लागले. आजींनी खालून आपली ओंजळ धरली, वरची पाव मूठ बोटांनी भरून दिली.

"कुणाची गं ही?"

"मो... मोनालीची."

"शाबास!" भूपेंद्रच आधी ओरडला.

मावशीनं पदरानं डोळे पुसले. मोनालीला सांभाळू लागल्यापासून तिनं अनेकांचे आभार मानले होते. आज मात्र ती मोनालीकडेच वळली. "झालं ना मनासारखं?" ती कशीबशी म्हणाली. "आता तरी चल."

मोनाली उठली नाही. तिनं तोच हात पुन्हा गव्हात घातला, गळणारे दाणे छातीशी धरले, आणि दाराकडे बघत म्हणाली, "ही... मावशीची."