बाप्पा नसलेला उंदीर

मी उंदीर बोलतोय. खरा नाही, कागदाच्या लगद्याचा मुखवटा. इंग्लंडातल्या रीडिंग गावी एका प्राथमिक शाळेच्या कपाटात, मोडक्या हुला-हूपच्या खाली माझा मुक्काम असतो. अंगात फार त्राण उरलेलं नाही, पण एक निरोप माझ्यापाशी अडकलाय, तेवढ्यासाठी बोलतोय.

मला मिस चॅननी घडवलं. त्या मूळच्या हाँगकाँगच्या. चिनी नववर्षाच्या मिरवणुकीसाठी त्यांनी फुग्यांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून आम्हा बारा प्राण्यांचे मुखवटे केले. चिनी लोकांत दर वर्षाचा एक प्राणी असतो आणि त्यात पहिला मान माझा. प्राण्यांच्या शर्यतीत बैलाच्या पाठीवर बसून मी नदी ओलांडली आणि ऐन वेळी उडी मारून त्याच्या पुढे गेलो, अशी गोष्ट मिस चॅन दरवर्षी सांगतात. पोरं हसतात आणि मग ड्रॅगनसाठी भांडतात. मला बघून नाकं मुरडतात. शेवटी जो उशिरा येईल त्याच्या डोक्यावर मला बसवतात. दरवर्षी तेच ढोल, तीच घामट डोकी. कंटाळलो हो. गेल्या वर्षी कुणीतरी मला पाडलं, डावा कान निघाला, तो कुणी शोधलासुद्धा नाही.

यंदाचं वर्ष घोड्याचं. पण इयर वनमधली, म्हणजे पहिलीतली, बहुतेक पोरं जन्मली ती उंदराच्या वर्षात. हे कळल्यावर अर्धा वर्ग रुसला. ऋजुता नावाची मुलगी तेवढी आपणहून पुढे आली आणि म्हणाली, मला रॅटच हवा. माझा विश्वास बसेना.

तिची आई श्रद्धा शाळा सुटताना मिस चॅनशी बोलत होती, ते मी ऐकलं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडली, व्हिसा त्याच कंपनीचा. दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला जावं लागणार. ऋजुताला अजून काही सांगितलेलं नाही, असंही ती म्हणाली. मोठ्यांना वाटतं, पोरांना काही कळत नाही.

मिरवणुकीआधी ऋजुतानं मला मांडीवर घेतलं. शेजारच्या मुलीला तिनं समजावलं, की आजीनं फोनवर सांगितलंय, उंदराचा एक कान झाकायचा आणि दुसऱ्यात आपली इच्छा सांगायची, मग तो ती बाप्पाला सांगतो. माझ्या तुटक्या कानाच्या भोकावर तिनं तळहात घट्ट दाबला आणि उरलेल्या कानाशी तोंड आणलं.

"बाबांचा ऑफिस बंद झाला," ती कुजबुजली. "मला माझा शाळा सोडायचा नाही. बाप्पाला सांग ना, प्लीज."

कसं सांगू? मला बाप्पाच नाही. एक बैल आहे, तोही माझ्यावर अजून डूख धरून आहे. ती मात्र मला घालून ताठ मानेनं चालली. इतक्या वर्षांत मला कुणी असं मिरवलं नव्हतं.

आज मिस चॅननी कपाट आवरलं. एका कानाचा उंदीर म्हणून मी रिसायकलिंगच्या डब्यात पडलोय. सकाळी गाडी येईल. त्याचं मला वाईट वाटत नाही, दमलोय मी. पण माझ्याबरोबर तिच्या इच्छेचाही लगदा होईल, ते सहन होत नाही.

तुमच्या घरी गणपती असेल, तर त्याच्या उंदराला एवढं सांगा. रीडिंगची ऋजुता, वय सहा, तिला इथेच राहायचंय. आणि सांगताना त्याच्या दुसऱ्या कानावर हात ठेवा. माझा तर तो कानही नव्हता, तरी तिनं ठेवला होता.