बादशाच्या पायाखालची फळी

मी एक फळी बोलतेय. फळीला कसलं आलंय बोलणं, असं म्हणाल तर म्हणा. आजवर माझ्यावर पाय देऊन गेलेल्या कुणीच मला काही विचारलं नाही, त्यामुळे पोटात साठलंय पुष्कळ.

जन्मानं मी कडुनिंबाची. डोंगरकडा गावच्या जळबांच्या शेताच्या बांधावरचं झाड वादळात आडवं झालं, त्यातून सुतारानं मला काढलं. बाकीच्या लाकडाचं सरपण झालं, म्हणजे मी नशीबवानच. आमच्याकडे केळी फार. डोक्यावर घड घेतलेले मजूर माझ्यावरून टेम्पोत चढायचे. केळीच्या चिकाचे काळे डाग माझ्या अंगावर पडले, ते धुतल्यानं जात नाहीत. पुढं लोखंडी फळी आली आणि मला गोठ्याच्या भिंतीशी उभं केलं. नवं आलं की जुन्याला भिंत दाखवायची, ही माणसांची रीतच आहे.

तिथून मला बाहेर काढलं ते एका कुत्र्यासाठी.

बादशा त्याचं नाव. जळबा शेतात निघाले की टेम्पोच्या हौद्यात पहिली उडी त्याची. केळीच्या बागेत रानडुकरांवर भुंकायचा, दुपारी जळबांच्या भाकरीतला वाटा खायचा. घरी ठेवलं तर जळबा परत येईपर्यंत पाण्याशिवाय कशालाही तोंड लावायचा नाही. मग तो म्हातारा झाला. मागचे पाय कंबरेतून गेले. उडी मारायला जायचा आणि टेम्पोच्या मागच्या झडपेवर, फाळक्यावर, आपटून खाली यायचा. उचलावं तर कंबरेला हात लागताच गुरगुरायचा. जळबांचा मुलगा धम्मदीप याचा त्यानं एकदा चावाही घेतला, आणि मग स्वतःच कोपऱ्यात तोंड घालून बसला.

कळमनुरीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "उडी बंद करा. फळी लावा. पण एकदम वर लावू नका, आधी जमिनीवर ठेवून शिकवा."

हे ऐकलं ते जळबांची सून करुणा हिनं. तिनं माझी धूळ झटकली, पाय घसरू नये म्हणून अंगावर गोणपाट ठोकलं आणि मला अंगणात सपाट निजवलं. माझ्यावर भाकरीचे तुकडे मांडले. पहिल्या दिवशी बादशानं मला पायच लावला नाही. बाजूला उभं राहून मान लांब केली आणि सगळे तुकडे उचलून नेले. करुणा हसली. दुसऱ्या दिवशी तिनं तुकडे मधोमध ठेवले. हळूहळू त्याचा एक पाय आला, मग दुसरा. मग माझ्या एका टोकाखाली वीट आली, विटेनंतर ओटा, आणि शेवटी टेम्पोचा फाळका.

शेजारचे बाबूसिंग ओट्यावरून बघायचे. "म्हाताऱ्या कुत्र्याला शाळा लावली का करुणाबाई?"

"लावली की. तुमाला यायचं का?" करुणा म्हणायची.

बादशा वर पोचला त्या दिवशी जळबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढला नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. घड वाहताना कधी वाटलं नव्हतं इतकं.

आता जे झालं ते मायेपोटी झालं, म्हणून कुणाला बोलही लावता येत नाही. करुणा बाजाराला गेली होती. जळबांना वाटलं, गोणपाट म्हाताऱ्याच्या पायाला टोचत असेल. त्यांनी केळीची ताजी, रुंद पानं आणली आणि माझ्यावर अंथरली. टेम्पोत घड ठेवताना खाली पानं टाकतात ना, तशी. दंवानं पानं ओली होती. मला कळत होतं. पान माझ्यावरून सरकतंय हे माझ्याइतकं कुणाला कळणार? पण फळीला ओरडता येत नाही.

बादशा निम्म्यावर आला आणि त्याचे मागचे पाय फाकले. तो बाजूला, कडेवरून खाली पडला. जो आवाज त्यानं काढला तो मला आठवायलाही नको.

करुणा आल्यावर म्हणाली, "आबा, पानं काहून टाकली?"

"काहून म्हंजे? घडाला टाकतो आन् याला न्हाई?" असं म्हणून जळबा तिथंच खाली बसले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही.

हाड मोडलं नव्हतं, पण भरवसा मोडला होता. मला पाहिलं की बादशा मागं सरायचा. भाकरी ठेवली, खोबरं ठेवलं, त्यानं वळूनही बघितलं नाही. रोज सकाळी टेम्पो निघताना तो भुंकायचा आणि मग दिवसभर उपाशी बसायचा.

शेवटी एका सकाळी जळबांनी पायताण काढलं, धोतर खोचलं आणि ते माझ्यावर चक्क हातापायांवर चढू लागले. गुडघे दुखत होते, मधेच थांबून धाप टाकत होते. गल्लीतली पोरं हसली. जळबांनी मागं वळून एवढंच म्हटलं, "चल बादशा, वर." आणि बादशानं त्यांच्या पायताणाचा वास घेतला, मग माझा घेतला, आणि पाय ठेवला. दोघे म्हातारे एकामागं एक वर गेले.

त्यानंतर हेच रोजचं झालं. पुढं जळबा, मागं बादशा. उतरतानाही तसंच. करुणाला मात्र हे पटत नव्हतं.

"आबा, तो तुमच्याच मागं यायला शिकून राहिला. मधूनमधून मला पुढं होऊ द्या, यांना होऊ द्या."

"ऱ्हाऊ दे. म्या काय कुठं चाललो का?"

कुणाचं चुकलं म्हणावं? कुणी आपल्याच मागं येतं, दुसऱ्या कुणाच्या नाही, हे म्हातारपणी कुणाला नको असतं?

श्रावणात जळबा बागेतल्या पाटात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आणि आता ते तिथंच, लेक शिलाकडे, पलंगावर आहेत. इतक्यात एवढा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

बादशा टेम्पोच्या मागं बसून असतो. दूध ठेवलं तर चार घोट घेतो, बाकी काही नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. जाताना म्हणाले, "औषध माझ्याकडं न्हाई, नांदेडला हाय. त्याला तिकडं न्या."

न्यायचं कसं? धम्मदीपनं चादरीत गुंडाळून उचलायचा प्रयत्न केला. बादशा इतका कळवळला की करुणानं नवऱ्याचा हात धरला, "सोडा, जीव जाईल त्याचा." मग धम्मदीपनं जळबांचा सदरा अंगात घातला आणि बापासारखाच हातापायांवर माझ्यावरून वर गेला. बादशानं सदऱ्याचा वास घेतला, शेपूट हलवली, धम्मदीपच्या तोंडाकडे बघितलं आणि परत जाऊन बसला.

काल करुणानं फोन लावून हौद्यात, फाळक्याजवळ ठेवला. त्यातून जळबांचा आवाज आला, "चल बादशा, वर."

बादशा ताडकन उठला. माझ्यावर आला. पाय थरथरत होते, तरी निम्मं अंतर चढला, मग पार वरच्या टोकापर्यंत आला. फाळक्यावरून आत डोकावला. हौद्यात कुणी नव्हतं. त्यानं फोन हुंगला, फोनच्या मागं बघितलं. मग तो माझ्यावरूनच एकेक पाऊल मागं सरकत खाली उतरला.

"चढला का गं?" फोनमधून जळबा विचारत होते.

"चढून राहिला, आबा," करुणा म्हणाली. तिचा पदर तोंडाशी होता.

आता माझं सांगायचं थोडंच उरलंय. तुमच्या घरात एखादं मुकं जनावर म्हातारं होत असेल, तर त्याच्या पायात जोर आहे तोवरच फळी लावा. पाय घसरेल असं काही तिच्यावर अंथरू नका. आणि एकाच्याच मागं चढायची सवय लावू नका, घरातल्या सगळ्यांनी पुढं व्हा. माया करा, पण ती वाटून घ्या.

करुणा रोज सकाळी मला फाळक्याला लावते. बादशा येतो, पुढचे दोन पाय माझ्यावर ठेवतो आणि वर बघत उभा राहतो. घरातल्यांना वाटतं, चला, निदान उभा तरी राहतोय. पण त्याचा भार माझ्यावर पडतो, त्यांच्यावर नाही. तो रोज हलका होत चाललाय. हे फक्त मला माहीत आहे, आणि मला ते कुणाला सांगता येत नाही.