ज्याचं पेट्रोल कमी

एव्दोकियाने विमानाच्या मोडक्या पंखाखाली आडवं होऊन पेट्रोलच्या टाकीची तोटी उघडली आणि खाली पत्र्याचा मग धरला. थेंबही आला नाही. दुसऱ्या पंखाचंही तेच. तोट्या तिने परत बंद केल्या आणि तिथेच बर्फावर बसून राहिली.

याकूत्स्कला त्या दुपारी उणे बावन्न होतं. एवढ्या थंडीत विमानाचा धूर हवेतच गोठतो आणि धुकं होऊन धावपट्टीवर ठाण मांडतो. पहिल्या उतरणाऱ्याला पट्टी लख्ख दिसते, चौथ्याला पुसट, सातव्याला काहीच नाही. म्हणून अलास्काहून आघाडीकडे अमेरिकी विमानं पोचवणाऱ्या या मंडळींचा साधा नियम होता: ज्याचं पेट्रोल कमी, तो आधी उतरणार. किती उरलंय ते ज्याचं त्याने रेडिओवर सांगायचं. त्यात कोणी खोटं बोलेल, असं कुणाच्या डोक्यातही येत नसे.

आज सात लढाऊ विमानं आली होती. पुढे वाट दाखवणारं मोठं बॉम्बर, त्यात मेकॅनिक म्हणून एव्दोकिया. रोदिओन झाव्यालोव नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे. मागच्याला रेंगाळणाऱ्यांना हाकत आणावं लागतं, त्याचं पेट्रोल जास्त जळतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी रेडिओवर तो म्हणाला, माझ्याकडे भरपूर आहे, पोरांना आधी जाऊ द्या. बाकीचे सहाही नवखे, पहिल्यांदाच हिवाळ्यात आलेले. सहाही उतरले. रोदिओन धुक्यात शिरला आणि पट्टीच्या दोनशे पावलं अलीकडे आपटला. बॉम्बर तासभर घिरट्या घालत राहिलं आणि धुकं विरल्यावर उतरलं.

रोदिओन गेला, पण विमान पेटलं नाही याचं सगळ्यांना नवल वाटलं. पेटायला टाकीत काही नव्हतंच, हे एकट्या एव्दोकियाला कळलं. मेल्या, खोटं बोललास, असं पुटपुटताना तिला रडू फुटलं.

लांबून अपघाताची चौकशी करणारा मेजर स्तूपिन येताना दिसला. वैमानिकाने पेट्रोल चुकीचं सांगितलं, एवढं मेजरने लिहिलं की संपलं. मग घरच्यांना पेन्शन नाही, वर बदनामी. एव्दोकियाने डोळे पुसले, पाना काढला आणि दोन्ही तोट्या अर्धा अर्धा फेरा सैल केल्या.

"कॉम्रेड मेजर, तोट्या ढिल्या आहेत. निघताना सेयम्चानच्या तळावर मीच आवळल्या होत्या. पेट्रोल वाटेत गळून गेलं."

"आणि काटा बघून त्याला कळलं नाही?"

"थंडीत काटा अडकतो."

"युद्ध चालू आहे, बाई. काय कबूल करतेयस, कळतंय ना?"

"कळतंय."

मेजर गुडघ्यावर बसून पंखाखाली वाकला. तोटीवर हिमाचा पांढरा थर होता आणि त्यात पान्याचा ताजा ओरखडा चकचकत होता. त्याने त्यावरून बोट फिरवलं.

"बायको कुठे असते त्याची?"

"तांबोवला. दोन मुली आहेत."

मेजरने इंजिनाजवळची तेलकट काजळी हातमोज्यावर घेतली आणि ओरखडा झाकला जाईपर्यंत त्यावर चोळली. मग फेरी मारून दुसऱ्या पंखाशी गेला, तिथेही चोळली. उठून त्याने गुडघे झटकले, वही उघडली.

"नाव सांग. पूर्ण."

"एव्दोकिया प्रोखोरोव्ना सित्निकोवा."

त्याने ते सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिलं आणि तिला घेऊन जायला शिपायांना हाक मारली.