पानाच्या तळची ओळ

बेसबॉलच्या मैदानात बर्निस स्टोल्झनं पेन्सिलीला टोक केलं आणि गुणांची वही मांडीवर उघडली. शेजारची खुर्ची रिकामी होती. नवरा, लेन, जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्याच्या खुर्चीचं तिकीट तिनं सोडलं नव्हतं. दर हंगामाला दोघांचे पैसे भरायची. लोक वेडी म्हणत, म्हणोत बापडे.

वही लेनचीच. सामन्यातली बारीकसारीक नोंद तो त्यात करायचा आणि शेवटी पानाच्या तळाशी एक ओळ लिहायचा: 'आज आपण जिंकलो', नाहीतर 'आज आपण हरलो'. मग वही तिच्यापुढे धरायचा. तिनं मान डोलावली की सामना संपला. तो गेल्यावर वही तिनं चालवली, ती ओळही चालवली. पण गेल्या हिवाळ्यात मालकांनी टोबी मर्सरला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि तिथं तिचं गाडं अडलं.

अकरा वर्षं टोबी तिसऱ्या बेसवर उभा होता. त्याच्या बदल्यात चेंडू फेकणारे दोन तगडे पिचर आले आणि संघ सुसाट सुटला. कधी नव्हे तो पहिल्या नंबरावर. अख्खं शहर खुळावलं होतं. बर्निस मात्र दर सामन्यानंतर पेन्सिल टेकवायची, 'आज' लिहायची आणि थांबायची. आपण म्हणजे कोण? लेन नाही, टोबीही नाही. नवी पोरं गुणी होती, पण तिची कुणीच नव्हती. एकोणचाळीस विजय झाले आणि एकोणचाळीस ओळी 'आज'वरच राहिल्या.

आज टोबी येणार होता, पाहुण्यांच्या निळ्या शर्टात. तिनं आपल्या संघाची नावं लिहायला घेतली.

"अहो मिसेस स्टोल्झ," मागच्या रांगेतला रूडी तिच्या खांद्यावरून डोकावला, "पाचव्या नंबरावर कुणाला घेतलंत? तो त्यांचा झाला आता!"

तिनं पाहिलं. मर्सर, तिसरा बेस.

"हाताला कुठं कळतंय ते," ती म्हणाली. तिनं नाव खोडलं, वळ राहिलाच.

टोबी पहिल्यांदा बॅट घेऊन आला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. रूडीसुद्धा सॉसेज दातात धरून टाळ्या पिटत होता. टोबीनं हेल्मेट काढून चारी बाजूंना मान लववली. बर्निसला हुंदका आवरेना.

"झालं, मान दिला," रूडी बसत म्हणाला. "आता गुमान बाद हो रे बाबा!"

नवव्या, शेवटच्या डावापर्यंत तीन-तीन अशी बरोबरी होती. टोबी पुन्हा आला. दुसऱ्याच चेंडूवर त्यानं बॅट फिरवली आणि चेंडू डावीकडच्या भिंतीपार गेला. चाळीस हजार माणसं चिडीचूप झाली. टाळ्यांचा आवाज कुठून येतोय म्हणून बर्निसनं पाहिलं, तर तीच उभी होती.

"बसा की हो! डोकंबिकं फिरलं का? आपण हरतोय!" रूडी ओरडला.

"तुम्ही हरताय," ती म्हणाली, आणि तो चारी बेस फिरून येईपर्यंत तिनं टाळ्या थांबवल्या नाहीत.

सामना गेला. रूडी जाता जाता तिचा खांदा थोपटून म्हणाला, "रविवारी या हं. तेव्हा जिंकू."

रांगा रिकाम्या झाल्या. झाडूवाले कागदी पेले गोळा करू लागले. बर्निसनं पेन्सिल टेकवली आणि या हंगामात पहिल्यांदाच ओळ पुरी केली: 'आज आपण जिंकलो'.

मग तिनं वही शेजारच्या खुर्चीपुढे धरली. बराच वेळ धरली. हात दुखायला लागला तेव्हा तिनं स्वतःच मान डोलावली आणि वही मिटली.