वरचं दूध

अंबिकाबाईंच्या कॉलनीत कुणाकडे मूल झालं की भेटायला येणाऱ्या बायका बाळाचं नाक कुणावर गेलंय ते नंतर बघत. आधी चौकशी एकच. "अंगावर पितंय ना?" बाळंतविडा हातात धरून विचारायचं आणि उत्तर मनासारखं आलं तरच तो पुढे करायचा. पुरुषमंडळीही मागे नसत. ते फक्त छताकडे बघत "दुधाची सोय आहे ना?" असं म्हणत.

ही रीत रुजवण्यात अंबिकाबाईंचा मोठा हात होता. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, पण शिकवण्याची खोड गेली नाही. म्हणून त्यांनी कॉलनीतल्या चौऱ्याऐंशी बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि तिथं रोज सकाळी तास घ्यायला सुरुवात केली. सून नीरजाला सातवा महिना लागला तेव्हाच त्यांनी लिहून टाकलं होतं, "आमच्या घरात वरच्या दुधाचा डबा कधी आलेला नाही आणि येणार नाही."

डबा आला. नात मनस्विनी तेव्हा अठरा दिवसांची होती.

जन्मली तेव्हा ती दोन किलो नऊशे ग्रॅम होती. अठराव्या दिवशी काटा दोन किलो सातशेवर आला. डॉ. करुणा शांतपणे म्हणाल्या, "प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजूंनी अंगावर पाजायचं, मग लगेच बाटलीनं चाळीस मिली वरचं. अंगावरचं अजिबात बंद करायचं नाही. दहा दिवसांनी वजन बघू. वाढलं नाही तर बाळाला दाखल करावं लागेल."

नीरजाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असून सासरीच झालं होतं. रिक्षात ती सगळा वेळ बाहेर बघत डोळे पुसत होती. अंबिकाबाईंनाही नातीची काळजी होती, नाही असं नाही. पण त्यातली निम्मी काळजी ग्रुपची होती.

"तुझं लक्षच नसतं पाजताना," त्या म्हणाल्या. "हातात सारखा मोबाइल. आणि मेथीची भाजी ताटात तशीच ठेवतेस."

नीरजाने बाळाचं टोपडं सारखं केलं.

डबा आणायला मुलाला, शंतनूला, क्रांती चौकापर्यंत पिटाळलं. कोपऱ्यावर मेडिकल होतं, पण त्या दुकानदाराची बायको ग्रुपवर होती. डबा तांदळाच्या पिंपात ठेवायचा, वर तांदूळ पसरायचे, दार लावल्याशिवाय बाटली काढायची नाही, असे नियम झाले. बाटलीलाही आधी मनाईच होती. "घरात चांदीचं बोंडलं असताना बाटली कशाला?" चांदीच्या चोचीतून गेलं की तेच दूध खानदानी होतं, अशी अंबिकाबाईंची समजूत होती. मनस्विनीची नव्हती. तिने निम्मं दूध स्वतःच्या मानेवर ओघळवलं, निम्मं आजीच्या पदरावर, आणि असं भोकाड पसरलं की अंबिकाबाईंनी मुकाट्याने बाटली उकळायला ठेवली.

त्यानंतर नीरजा डॉक्टरांनी सांगितलं तसं करत राहिली. आधी अंगावर, मग बाटली. चार-पाच दिवसांत पोरगी पिऊन झाल्यावर गाढ झोपायला लागली, आठव्या दिवशी गाल वर आले. बघायला आलेल्या बायका तोंडात बोट घालायला लागल्या. काय केलंत हो? अंबिकाबाईंनी तांदळाच्या पिंपाकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "अळिवाचे लाडू. बाळंतिणीनं मनापासून खाल्ले की बाकी काही लागत नाही." संध्याकाळी कृती ग्रुपवर गेली. पंचावन्न अंगठे आले. फक्त शेजारच्या सुरेखाताईंनी विचारलं, "तुमच्याकडे बाटली उकळल्याचा वास कसा येतो?" अंबिकाबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

दहाव्या दिवशी दवाखान्यात काट्याने तीन किलो शंभर दाखवले. अंबिकाबाईंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर नीरजाला म्हणाल्या, "छान चाललंय, असंच चालू ठेवा." बाहेरच्या बाकावर नीरजा बाळाची दुपटी आवरत होती. समोर सुरेखाताई नातवाच्या लसीसाठी नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी करमाडहून आलेल्या दगडाबाई आणि त्यांची सून सोनिया. सोनियाच्या मांडीवर महिनाभराचा शिवम, हातापायांच्या काड्या झालेल्या, रडण्यातही जोर नसलेला. तिच्या हातात वरच्या दुधाच्या डब्याचं नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी होती.

दगडाबाईंनी मनस्विनीकडे टक लावून बघितलं. "नात व्हय, बाई? लई गुबगुबीत हाय. काय दिलं हिला?"

सुरेखाताईंनी मान वळवली. अंबिकाबाईंना पंचावन्न अंगठे आठवले.

"अळिवाचे लाडू. आईला. बाकी काही नाही."

"अन् डबा?"

"डबा कशाला?"

दगडाबाईंनी सुनेच्या हातातली चिठ्ठी घेतली, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत कोंबली. "बघ. ह्या बाईंच्या घरी डब्याबिगर झालं. तुझंच कायतरी चुकतंय. जीव लावून पाजतच नायस तू. ऊठ, गाडी जाईल."

सोनिया पोराला पदराखाली घेऊन उठली. नीरजाचे दुपट्यावरचे हात थांबले. तिने सासूकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं.

चौऱ्याऐंशी बायकांना लाडू सांगताना अंबिकाबाईंना कधी काही वाटलं नव्हतं. कुणाच्या घरी कुठलं पोर उपाशी राहिलं ते त्यांना कुठं दिसत होतं? हे पोर दिसत होतं. ते दाराकडे चाललं होतं.

"थांबा." शाळेतला आवाज होता, अख्खा दवाखाना थांबला. अंबिकाबाईंच्या कानशिलांना घाम फुटला. सुरेखाताईंकडे बघायचं नाही असं ठरवून त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलले. लाडवांनी काही झालं नाही. ही आधी अंगावर पिते आणि मग बाटलीनं वरचं, दर वेळी. आमच्या घरात डबा आहे. डॉक्टरांनी सांगितला तसा दिला म्हणून वजन वाढलं. ती चिठ्ठी घेऊन आधी मेडिकलात जा, मग गाडी बघा."

सुरेखाताईंचा हात पर्समधल्या फोनकडे गेला, तो अंबिकाबाईंना दिसला. जाऊ दे, असं त्यांना वाटलं आणि असं वाटल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दगडाबाईंनी चिठ्ठी काढली, उलगडली, सुनेकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "म्हंजी हिची काय चूक नाय?"

"नाही," अंबिकाबाई म्हणाल्या. "तिची काहीच चूक नाही. ती जेवढं करायचं तेवढं करतेय."

सोनिया उभ्या जागी हुंदके द्यायला लागली. अंबिकाबाई तिला धीर द्यायला पुढे झाल्या, पण मागेही कुणीतरी रडत होतं. त्या वळल्या. नीरजा मनस्विनीला छातीशी धरून बसली होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. हीच दोन वाक्यं गेले अठ्ठावीस दिवस घरात कुणी तिला म्हटली नव्हती.