एकंची पाटी

"डोकं सांभाळा हं. हा जिना उंच माणसांसाठी केलेलाच नाही," गाइड वरच्या पायरीवरून म्हणाला. "आणि नेमका इथे एक उंच माणूस कामाला होता. त्यानेच घात केला. पण ती गंमत वर गेल्यावर सांगतो."

जिन्यातली माणसं आधीच हसायला लागली. सगळ्यांत मागे फलकवाले होते, इथल्या धावफलकावर आयुष्य काढलेले. त्यांनी कठड्याला हात लावला. सत्तावीस पायऱ्या. झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण आज सातव्या पायरीलाच पाय जड झाला.

"बाबा, दमलात का?" पुढून मुलीने विचारलं.

"छे. तू हो पुढे."

मुलीला मैदानांचं वेड. लोक सुट्टीत समुद्र बघायला जातात, ही क्रिकेटची मैदानं बघायला जायची. सामना असो नसो, तिकीट काढून आत शिरायचं, रिकाम्या गॅलरीत तासभर बसायचं आणि वहीत लिहायचं. एका मैदानात सीमारेषेच्या आत चक्क झाड उभं होतं, त्याला चेंडू लागला की चार धावा. एका ठिकाणी षटकार थेट समुद्रात. एकीकडे डोंगर इतके जवळ की खेळणारे थंडीने हात चोळत उभे. अशी अकरा मैदानं झाली होती. बारावं तिने मुद्दाम राखून ठेवलं होतं, कारण ते बाबांबरोबर बघायचं होतं. त्याच्या पानावर मथळाही आधीच लिहून झाला होता: 'माझ्या बाबांचं मैदान'.

आणि बाबा निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं टाळत होते. कधी गुडघा, कधी ऊन, कधी पाहुणे. गेल्या वर्षी बायको गेली, घरात दोघंच उरले, आणि सबबीही संपल्या.

वर जुना धावफलक तसाच होता. पत्र्याचं दुमजली घर, मैदानाच्या बाजूला चौकोनी खिडक्या, प्रत्येक खिडकीवर पाट्या अडकवायचे हूक. हल्ली समोर विजेचा मोठा पडदा आला होता, त्यामुळे हे घर नुसतं दाखवायला ठेवलेलं. आतला गंज आणि तेलाचा वास मात्र बदलला नव्हता.

"आता बघा," गाइडने भिंतीवरची एक पाटी काढली. पोरगेलासा, बोलका माणूस होता, टाळ्या कशा घ्यायच्या ते त्याला बरोबर ठाऊक होतं. "पत्रा वाचवायला पाटी दोन्ही बाजूंनी रंगवलेली. एकीकडे पाच, दुसरीकडे सहा. म्हणजे बाहेर पाच दाखवायचे तर आतल्या माणसाला काय दिसलं पाहिजे?"

"सहा," दोन-चार जण म्हणाले.

"शाबास. तुम्हाला पाच मिनिटांत कळलं. पण इथे शिडी म्हणून एक गडी होता. वरच्या हुकांपर्यंत त्याचा हात तसाच पोचायचा, म्हणून शिडी. करंडकाचा अंतिम सामना. आपल्याला जिंकायला हव्यात एकशे सत्त्याऐंशी. झाल्यात एकशे पंच्याऐंशी, आणि शेवटची जोडी मैदानात. फोनवरून शिडीला सांगितलं, एकशे पंच्याऐंशी. शिडी डुलकी काढत होता. दचकून उठला आणि पाच आपल्याकडे तोंड करून टांगले. बाहेर दिसले सहा."

गाइड थांबला. लोक कान टवकारून उभे होते.

"फलंदाजाने फलक बघितला. एकच धाव हवी! त्याने चेंडू मारला, एक पळाला, दुसरी आरामात निघत होती, पण हा बॅट वर करून निघाला लोकांकडे. तिकडून चेंडू आला, यष्ट्या उडाल्या. सामना बरोबरीत, आणि करंडक गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहिला. शिडीला दुसऱ्या दिवशी घरी पाठवला. घ्या, फोटो काढा, हीच ती पाटी."

पाटी हातोहात फिरायला लागली. एक बाई ती गालाशी धरून फोटो काढून घेत होती. फलकवाले खिडकीपाशी तोंड फिरवून उभे राहिले. डुलकी. डुलकी कुठून आली ह्या गोष्टीत? शिडी कधी बसायचासुद्धा नाही, खुर्चीत त्याचे पाय मावायचे नाहीत.

आणि तेवढ्यात मुलीने हात वर केला. "माझे बाबा इथे बत्तीस वर्षं होते. ह्याच खोलीत."

सगळ्यांनी वळून बघितलं. गाइडला तर घबाडच मिळालं. "काय सांगता! या काका, पुढे या. मग तुम्ही शिडीबरोबर काम केलं असेल. खरंच झोपला होता ना तो?"

फलकवाले खिडकीपासून वळले. मुलगी कौतुकाने बघत होती, तिच्या हातात वही उघडी होती.

"चांगला माणूस होता," ते म्हणाले. "आता... जुनं झालं ते."

"बघा, माणूस चांगलाच होता. फक्त पाच आणि सहा कळायचे नाहीत."

खोलीत हशा पिकला. मुलगीही हसली. बाकीचे हसले ते त्यांनी सोसलं असतं. तिचं हसू त्यांच्या जिव्हारी लागलं. हिला काय माहीत, आपण कुणाला हसतोय.

खाली आल्यावर मुलगी गवताच्या कडेला बाकावर बसली आणि तिने पेन काढलं. "सांगा आता, कुठून सुरुवात करू? शिडीकाकांपासून? फार मजेशीर दिसतोय तो माणूस."

"नको."

"का हो?"

फलकवाले तिच्या शेजारी बसले, पण तिच्याकडे न बघता. "एकंची पाटी माझ्याकडे होती त्या दिवशी," ते म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. सांगायला अवघी पाच मिनिटं लागली, आणि ह्या पाच मिनिटांसाठी त्यांनी तेहतीस वर्षं घालवली होती.

एकंची जागा शिडीची, दहंची आणि शतंची त्यांची. भिंतीवर तसा कागदच लावलेला होता. पण त्या दिवशी बायको पहिल्यांदाच सामना बघायला आली होती, कडेवर दीड वर्षाची पोर घेऊन. ती बसली होती ती गॅलरी फक्त एकंच्या खिडकीतून दिसायची. म्हणून त्यांनी शिडीला म्हटलं, अर्धा तास जागा बदल. शिडी म्हणाला, "बदल की. मला काय, पाट्या सगळ्या सारख्याच." पाटी लावली की खिडकीतून मान बाहेर काढून आकडा बघायचा, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. त्यांनी पाटी लावली आणि मान नाही, हात बाहेर काढला. पोरीला हलवून दाखवायला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी दोघांना समोर उभं केलं. कागद बघितला. "एकं कुणाकडे?" शिडीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. काही मागत नव्हता, नुसता वाट बघत होता. फलकवाले मूग गिळून आपल्या चपलांकडे बघत राहिले. मग शिडीच म्हणाला, "एकंची जागा माझीच असते, साहेब."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मुलीने विचारलं.

"नाही."

"नंतर कधी?"

"नंतर रोज वाटायचं, उद्या बोलू. मग आठवड्याने वाटलं, आता बोललो तर आठवडाभर गप्प का होतो ते विचारतील. मग वर्ष गेलं." ते थांबले. "एकदा बसच्या रांगेत भेटला. मी तोंड चुकवणार होतो, पण तो उंच, त्याला लांबून दिसायचं सगळं. म्हणाला, काय रे, पोरगी बरी आहे ना? बस. दुसरं काही नाही. सहा वर्षांपूर्वी गेला तो. मी अंत्ययात्रेलाही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?"

मुलीने पेनाचं टोपण लावलं. मग तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"मी सांगितलं नव्हतं. पण हात हलवताना तिनेच तर बघितलं होतं मला. त्या रात्री वाढताना एवढंच म्हणाली, 'त्या खिडकीत तुम्ही होतात.' पुन्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही."

"आणि मी वर हसले," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी फलकवाल्यांना तिच्याकडे बघवेना. लाज म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. पण ती एकट्याने बाळगलेली लाज होती. माणूस तिच्याशी जमवून घेतो, चहा पितो, बढती घेतो, निरोपाच्या समारंभात हार घालून घेतो. पोटच्या पोरीसमोरची लाज निराळीच, तिच्यापासून तोंड कुठे लपवायचं?

"वहीत काय लिहू आता?" तिने विचारलं.

"आत्ताच काही लिहू नको." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "साडेतीनची फेरी आहे ना?"

"मी येत नाही वर."

"नको येऊस. इथेच थांब. थांबशील ना?"

तिने वही मिटली. ते तिकीट काढून रांगेत उभे राहिले.

गाइडने त्यांना बघून डोळे मिचकावले. "काका पुन्हा? आवडलेलं दिसतंय." तोच जिना, तोच विनोद, तेच दुसऱ्या माणसांचं हसू. शिडी डुलकी काढत होता, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा फलकवाल्यांनी हात वर केला.

"तो झोपला नव्हता. आणि एकंला तो नव्हताच. मी होतो."

"आमचे जुने आहेत काका," गाइड लोकांना म्हणाला. "चेष्टेखोर." लोक हसले, कुणीतरी टाळीही वाजवली. फलकवाल्यांना वाटलं, झालं, म्हटलं ना आपण, आता खाली उतरावं. इतकी वर्षं त्यांनी नेमकं हेच केलं होतं. पण पाय हलेनात.

"द्या ती पाटी," ते म्हणाले.

गाइडने गमतीने दिली. फलकवाले एकंच्या खिडकीपाशी गेले. "मी असा उभा होतो. पाच माझ्याकडे." त्यांनी पाटी अडकवली. "बायको समोरच्या गॅलरीत होती, मुलगी तिच्या कडेवर. मी बघितलं नाही बाहेर काय दिसतंय. मी असा हात काढला." त्यांनी हात बाहेर काढला आणि हलवला. "शिडी शेजारी उभा होता, दहंपाशी. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. त्याची नोकरी गेली. मी आणखी पंचवीस वर्षं इथेच होतो."

आता कुणी हसत नव्हतं. मघाशी टाळी वाजवणारा माणूस खाली बघत होता. गाइडच्या हातातली तिकिटं तशीच राहिली होती. "काका," तो हळूच म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं. मला सांगितलं तसं मी सांगतो."

"तुझी काय चूक? आता असं सांग."

त्यांनी पाटी हुकावरून काढली, उलटी केली आणि पुन्हा अडकवली. सहा आत, पाच बाहेर. मग नियमाप्रमाणे खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं.

आकडा बरोबर होता. खाली गवताच्या कडेला मुलगी वही मिटून उभी होती, वर बघत. तिने हात हलवला नाही. पण ती गेलीही नव्हती.